सकाळी उठायला आढेवेढे घेणारा जुना पीसी: बोर्ड गेला, की अजून आशा आहे?

खिळेवाला
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. कुडाळला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं असलं काम. २००९ साली असेंबल करून घेतलेला एक पीसी अजून रोज वापरात आहे. जी३१ चिपसेटचा बोर्ड, ड्युअल कोर ई५२०० प्रोसेसर, डीडीआर२ च्या एकेक जीबीच्या दोन पट्ट्या, ३२० जीबीची साटा हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. नेट जोडलेलं नाही, जोडणारही नाही.

"नवीन घ्या" म्हणण्याआधी ऐका. यात पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फाँटांची जुनी श्रीलिपी आहे. तिचा डाँगल (कुलपासारखा, हा लावलेला असेल तरच ती चालते) मागच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेला लागतो. इतक्या वर्षांच्या सगळ्या फाइली त्याच फाँटात. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन माणूस धाकट्याच्या लग्नाला येतो आणि म्हणतो, अश्शीच पाहिजे, फक्त नावं बदला. ती फाइल मला दोन मिनिटांत उघडता आली पाहिजे.

आता रड सांगतो. सकाळी मेन चालू करून बटण दाबलं की पंखा अर्धा वेढा घेतो आणि थांबतो. परत दाबलं तर तेवढंही नाही. मेन चालूच ठेवून अधूनमधून बटण दाबत राहिलं की दहा-पंधरा मिनिटांनी एकदाचा उठतो. उठला की 'सीएमओएस चेकसम एरर' दाखवून एफ१ मागतो. तारीख १ जानेवारी २००८. तसंच पुढे गेलं तर श्रीलिपी 'लॉक सापडत नाही' म्हणून बंद पडते. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) शिरून तारीख आणि पॅरलल पोर्ट दोन्ही पुन्हा लावायचं. एवढं झालं की दिवसभर कुठे माशी शिंकत नाही. दुपारी जेवायला जाताना शटडाउन करतो (मेन चालूच असतं), आल्यावर एका बटणात चालू! पावसाळ्यात हा त्रास जास्त. रात्री मेन बंद करूनच जातो, कारण आमच्याकडे विजांचा भरवसा नाही.

इथल्या मेकॅनिकने नुसतं बघून सांगितलं, बोर्ड गेला. तुम्हाला काय वाटतं?


पेठकर
सोमवार, रात्री १०:०५

रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी दात शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने घासा, रबराचा भुगा झटका, आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. जुन्या पीसीचे निम्मे रोग एवढ्याने जातात. कोकणातल्या दमट हवेत तर हे वर्षातून एकदा करायलाच हवं.


खिळेवाला
सोमवार, रात्री १०:१८

केलंय पेठकर. गणपतीच्या आधी केलं, परवा पुन्हा केलं. एकेक पट्टी लावूनही पाहिली. ढिम्म फरक नाही.


बे_एरियातला_बंड्या
सोमवार, रात्री १०:३१

काका, एवढ्या जुन्या धुडासाठी कशाला जीव काढताय? बाजारात रिफर्बिश्ड पीसी स्वस्तात मिळतात. एक घ्या, फाइली युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, एक्सपी व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे नव्या पीसीच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत टाका. विषय संपला.


खिळेवाला
सोमवार, रात्री १०:४४

बंड्या, कन्व्हर्टर वापरून बघितलेत. मजकूर येतो, पण जोडाक्षरं तपासत बसावं लागतं आणि मांडणी सगळी नव्याने. एका पत्रिकेला ठीक आहे, कपाटभर पत्रिकांना नाही. नवीन कामं युनिकोडमध्येच करतो, त्यासाठी वेगळा लॅपटॉप आहे. जुनी कामं मात्र या म्हाताऱ्याशिवाय होत नाहीत.


रेडिओवाला
सोमवार, रात्री ११:५२

बंड्याच्या व्हर्च्युअल मशिनबद्दल आधी. पॅरलल पोर्टचा डाँगल व्हर्च्युअल मशिनला दाखवणं महाकटकटीचं काम आहे. बाजारात यूएसबी ते पॅरलल अशी जी केबल मिळते ती फक्त प्रिंटरपुरती. डाँगलचं सॉफ्टवेअर पोर्टच्या पत्त्यावर थेट बोलतं आणि त्या केबलवर तसा पत्ताच नसतो. तेव्हा तो रस्ता तूर्त सोडा.

खिळेवाले, तुम्ही रोग्याची हकीगत इतकी नीट सांगितली आहे की अर्धं निदान तिच्यातच आहे. तक्रारी तीन आहेत पण रोग दोनच दिसतात, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिला रोग, न उठण्याचा. एटीएक्स एसएमपीएस, म्हणजे मेनची वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा, मेन चालू असेपर्यंत कधीच पूर्ण बंद नसतो. त्याच्यात एक छोटा वेगळा पुरवठा असतो, तो जांभळ्या वायरवर सतत ५ व्होल्ट देत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही बटण दाबलंय हे बोर्डाला कळतं ते याच ५ व्होल्टच्या जिवावर. मग बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला ओढतो, एसएमपीएसचा मुख्य पुरवठा सुरू होतो, सगळी व्होल्टेज जागेवर आली की एसएमपीएस करड्या वायरवरून 'पॉवर गुड'चा इशारा देतो आणि तेव्हाच प्रोसेसर कामाला लागतो. तुमचा पंखा अर्धा वेढा घेतो याचा अर्थ बटणाचा निरोप पोचतोय. मुख्य पुरवठा उभा राहतो आणि लगेच बसतो.

मग मेन चालू ठेवल्यावर पंधरा मिनिटांनी का उठतो? कारण एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. म्हातारे झाले की त्यांच्या आतला द्रव सुकत जातो, क्षमता घटते आणि आतला रोध, ज्याला आम्ही ईएसआर म्हणतो, तो वाढतो. थंड असताना हा रोध सगळ्यात जास्त असतो. स्टँडबायचा भाग चालू राहिला की स्वतःच्याच उष्णतेने कोमट होतो, रोध थोडा उतरतो आणि गाडी सुरू होते. जुन्या स्कूटरला सकाळी किका माराव्या लागायच्या आणि दुपारी अर्ध्या किकेत सुरू व्हायची, तसलाच प्रकार. दुपारी जेवून आल्यावर एका बटणात उठतो तो यामुळेच.

दुसरा रोग म्हणजे बोर्डावरचा बटणासारखा चपटा सेल, सीआर२०३२. मेन चालू असताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग स्टँडबायवर जगतात, सेल जवळपास खर्चच होत नाही. तुम्ही रोज रात्री मेन बंद करता, त्यामुळे रोज रात्रीचा भार सेलवर. तो आता संपलाय. म्हणून सकाळी तारीख २००८ आणि बाकी सगळं फॅक्टरीसारखं. पॅरलल पोर्टचा मोडही त्यातच जातो. बायोसमध्ये एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे पर्याय दिसत असतील, डाँगलला त्यातला ठरावीकच चालतो. डाँगल ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका.

मल्टीमीटर आहे का?


खिळेवाला
मंगळवार, सकाळी ८:१०

भाच्याकडे आहे, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. कसं मोजायचं ते नीट सांगाल का?


रेडिओवाला
मंगळवार, सकाळी ८:३५

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढायचा नाही. त्याच्या पाठीमागून, वायर जिथे आत शिरते तिथे टोक खुपसायचं. काळं टोक कुठल्याही काळ्या वायरीत, लाल टोक जांभळ्यात. सकाळी मेन चालू केल्याबरोबर, पॉवर बटणाला हात लावायच्या आधी हे रीडिंग घ्या, मग दर थोड्या वेळाने. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये असायला हवं. पीसी उठला की पिवळी बघा (११.४ ते १२.६), लाल (४.७५ ते ५.२५) आणि नारिंगी (३.१४ ते ३.४७). ही एटीएक्सची मुभा आहे, पाच टक्के वर, पाच टक्के खाली.

सेल मोजताना मेन बंद आणि सेल बाहेर काढलेला. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो.

आणि भाचा इलेक्ट्रिशियन असला तरी त्याला एसएमपीएसचा डबा उघडू देऊ नका. आतला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्टला भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो तसाच राहू शकतो.


शंकासुर
मंगळवार, सकाळी १०:२०

शंका. थंड असताना न उठणं आणि गरम झाल्यावर उठणं हे बोर्डावरचे कपॅसिटर गेल्यावरही होतं ना? २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर लाखोंनी बोर्डांवर बसले होते. हा बोर्ड त्यानंतरचा असला तरी वय झालंच आहे. एसएमपीएसच कशावरून?


रेडिओवाला
मंगळवार, दुपारी १:१५

रास्त शंका. म्हणूनच आधी मोजा म्हटलं. स्टँडबाय सकाळी कमी आणि नंतर चढत गेला, तर एसएमपीएस दोषी. स्टँडबाय पहिल्यापासून ठणठणीत ५ असेल आणि तरी पीसी उठत नसेल, तर बोर्डाकडे बघायचं.

डोळ्यांनी बघायचं ते असं: प्रोसेसरभोवती आणि रॅमच्या खाचांजवळ जे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर आहेत त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी किंवा इंग्रजी के सारखी चीर असते. माथा सपाट हवा. फुगीर असेल, किंवा चिरेतून तपकिरी खपली आलेली असेल, तर तो गेला. बोटाने हलके फिरवून बघा, फुगवटा डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. न फुगताही कपॅसिटर जातो हेही खरं.

आणखी एक युक्ती. सकाळी थंड असताना घरातला हेअर ड्रायर मध्यम गरमवर ठेवून मिनिटभर फक्त प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरवर फिरवा आणि बटण दाबा. उठला तर बोर्ड. नाही उठला तर दुसऱ्या दिवशी फक्त एसएमपीएसच्या जाळीतून ऊब द्या. एका दिवशी एकच. दोन्ही एकदम गरम केलंत तर काहीच कळणार नाही.


पेठकर
मंगळवार, दुपारी २:०२

बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत का हे बघायची साधी चाचणी राहिली. सगळी रॅम काढून सुरू करा. बीप वाजली, की समजायचं दोघं शुद्धीवर आहेत आणि रॅम मागताहेत. पण असेंबल्ड कॅबिनेटमध्ये बीपचा स्पीकर पुष्कळदा दिलेलाच नसतो. चार पिनांचा छोटा बझर दुकानात किरकोळ पैशात मिळतो, तो बोर्डावर स्पीकर लिहिलेल्या पिनांवर लावा. अवॉर्ड बायोस असेल तर एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे डिस्प्लेची भानगड, तशीच एकसारखी बीप म्हणजे रॅम.

आणि पॉवर बटणाचा स्विचही तपासा. पुढचा स्विच अडकून दाबलेलाच राहिला तरी पीसी चालू होऊन बंद पडतो. त्याची वायर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा.


निवांत_नाना
मंगळवार, दुपारी ४:४०

कुणी यूपिनने हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस सुरू करून बघायला नाही सांगितलं अजून? आमच्या वेळी पहिली तीच चाचणी.


रेडिओवाला
मंगळवार, सायंकाळी ६:१०

नाना, मुद्दामच नाही सांगितली. त्या चाचणीत पंखा फिरला की लोक एसएमपीएसला निर्दोष सोडतात. पंखा फिरवायला कितीशी ताकद लागते? रिकाम्या हाताने चालणारा एसएमपीएस बोर्डाचा भार आला की मान टाकतो. पंखाच फिरला नाही तर मात्र ती चाचणी कामाची, एसएमपीएस निश्चित मेला.


निवांत_नाना
मंगळवार, सायंकाळी ६:३२

पटलं. अवांतर: आमच्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. तो पण एसएमपीएसच का?


रेडिओवाला
मंगळवार, सायंकाळी ७:०५

नाही, ते तुमच्या घराचं अर्थिंग. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात, विजेतला गोंगाट जमिनीत सोडायला. अर्थिंग नसेल तर तो गोंगाट जाणार कुठे? कॅबिनेट मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या, टेस्टरही मंद पेटतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं अडॅप्टर लावलं असेल तर आधी ते काढा. तरी येत असेल तर वायरमन बोलवा. पेनड्राइव्ह आणि प्रिंटर अशा पीसीला लावताना पोर्ट जळायचे प्रकार यातूनच होतात.


सई_सोलापूर
मंगळवार, रात्री ९:१५

सगळे एसएमपीएसच्या मागे लागलात, पण खिळेवाले काका, तुमच्या फाइलींची दुसरी प्रत आहे का? मी एका शाळेचे कॉम्प्युटर बघते, म्हणून आधी हेच विचारते. ज्या एसएमपीएसचं व्होल्टेज डळमळतंय तो जाताना हार्ड डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. उद्या सकाळी पीसी उठला की त्या दिवशी दुसरं काहीही करण्याआधी फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक्सपीला दोन टीबीपेक्षा मोठी बाहेरची डिस्क बहुधा दिसणार नाही, एक टीबीची घ्या. आणि यूएसबी २ वरून शंभर जीबी जायला तासभर सहज लागतो, मध्येच कंटाळून बंद करू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती टाकून 'रीॲलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा) हे दोन आकडे बघा. शून्य असतील तर उत्तम. पेंडिंग वाढत असतील तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) अजिबात चालवू नका, आधी कॉपी. मरणाऱ्या डिस्कला चेकडिस्क लावणं म्हणजे तिला आणखी पळवणं.


आकाशकंदील
मंगळवार, रात्री ११:२०

धागा हायजॅक करतोय, माफी. रेडिओवाल्यांनी सेलचं लिहिलेलं वाचून मी पण माझ्या २०१२ च्या एच६१ बोर्डाचा सेल बदलला, तारीख उडत होती म्हणून. आता विंडोज ७ चा लोगो येतो, निळं काहीतरी चमकतं आणि रीस्टार्ट. परत तेच. सेल बदलायच्या आधी अगदी नीट चालत होता!


सई_सोलापूर
बुधवार, सकाळी ७:५०

आकाशकंदील, घाबरू नका, फॉरमॅट तर मुळीच मारू नका. सुरू होताना एफ८ दाबत राहा, यादीत 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टिम फेल्युअर' निवडा. निळा पडदा थांबेल. खाली 'स्टॉप' पुढे जो लांब कोड आहे त्याचा शेवट ७बी आहे का?


आकाशकंदील
बुधवार, सकाळी ९:०५

हो! शेवट ७बी. तुम्हाला कसं कळलं?


सई_सोलापूर
बुधवार, सकाळी ९:३०

सेल काढल्यावर बायोस फॅक्टरीवर गेला, त्यात साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला. विंडोज ७ टाकताना तो एएचसीआयवर असेल तर आता आयडीई झालाय, किंवा उलट. विंडोज ७ टाकतेवेळी जो मोड होता त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला लोड करतं. मोड बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये साटा मोड शोधा, आत्ता जो आहे त्याच्या उलट करा, एफ१० ने सेव्ह करा. यात डेटाला धक्का लागत नाही.

खिळेवाल्यांच्या जी३१ ला ही भानगड सहसा नाही. त्या बोर्डांवरच्या साध्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय नसतंच.


आकाशकंदील
बुधवार, सकाळी ९:४८

चालू झालं!! आयडीई होता, एएचसीआय केला. ताई, तुमच्या तोंडात साखर पडो. दुकानदार विंडोज नवीन टाकायला पाठव म्हणत होता.


खिळेवाला
बुधवार, रात्री ८:३०

रीडिंग आणलीत. सकाळी मेन चालू केल्या केल्या जांभळी वायर ४.२ व्होल्ट. पाच मिनिटांनी ४.५. ज्या वेळी पीसी उठला तेव्हा ४.८ च्या पुढे गेली होती. उठल्यावर पिवळी ११.५, लाल ४.९, नारिंगी ठीक. सेल १.९! हेअर ड्रायर लागलाच नाही.

बोर्डावर बोट फिरवलं. रॅमजवळचे सगळे सपाट. प्रोसेसरच्या बाजूला चार पिनांचा पिवळा-काळा कनेक्टर लागतो, त्याच्या शेजारचा एक किंचित फुगलाय. आणि सई ताई, सगळ्या फाइली उतरवल्या. दोन्ही सेक्टर शून्य आहेत.


रेडिओवाला
बुधवार, रात्री ९:१०

४.२ वरून ४.८. आता वाद नको, एसएमपीएस बदला. पिवळी ११.५ म्हणजे मुभेच्या काठावरच आहे, तिलाही धाप लागलीय.

नवीन घेताना डब्यावरच्या ४५०-५०० वॉटच्या स्टिकरला भुलू नका. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, सगळा पीसी मिळून दीडशे वॉटच्या आत. खरोखरचे ३५० वॉट देणारा एसएमपीएस तुम्हाला पुरून उरेल. दुकानात दोन हातांत दोन घेऊन तोला. हलका लागणाऱ्यात आतले फिल्टरचे भाग गाळलेले असण्याची शक्यता जास्त. २४ पिनांचा कनेक्टर, प्रोसेसरचा ४ पिनांचा, आणि जुना सीडी ड्राइव्ह असेल तर त्याचा रुंद मोलेक्स, हे तिन्ही आहेत ना ते बघा.

सेल त्याच वेळी बदला. खटका बाजूला दाबला की तो आपोआप उडतो, स्क्रूड्रायव्हरने उपटू नका, खालची पट्टी वाकते. अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख, बूटचा क्रम आणि पॅरलल पोर्टचा मोड एकदा लावा आणि त्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.


खिळेवाला
शुक्रवार, दुपारी १२:४५

एसएमपीएस बसवला, सेल बदलला, पंखा एका दमात फिरला. आणि पडद्यावर 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर'. हे काय नवीन?


सई_सोलापूर
शुक्रवार, दुपारी १२:५८

आधी पेनड्राइव्ह लावलेला असेल तर काढा. मग बायोसच्या पहिल्या पानावर हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर फक्त बूटचा क्रम चुकलाय. दिसतच नसेल तर केबल.


खिळेवाला
शुक्रवार, दुपारी १:२०

दिसत नव्हतं. जुनी साटा केबल, खटका नसलेली. एसएमपीएसच्या वायरी आत कोंबताना तिला धक्का बसून बोर्डाकडचं टोक अर्धवट निघालं होतं. दाबून बसवली, एक्सपी आली, श्रीलिपीला लॉक सापडलं. जेवायला जातो आता.


शंकासुर
शुक्रवार, दुपारी १:४१

खटक्याची नवी केबल टाका, किरकोळ किंमत आहे. आणि खरी परीक्षा उद्या सकाळी, रात्रभर मेन बंद ठेवल्यावर.


खिळेवाला
शनिवार, सकाळी ९:०५

रात्रभर मेन बंद, वर पाऊसही होता. एका बटणात उठला. एफ१ नाही, तारीख आजची. जांभळी ५.०५.

आता तो फुगलेला कपॅसिटर. त्यावर ६.३ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरड लिहिलंय. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ लागते, तेव्हा पीसी बंद ठेवता येणार नाही. आत्ताच बदलून घेऊ का? टीव्ही दुरुस्त करणारे एक जण करून देतो म्हणताहेत.


रेडिओवाला
शनिवार, सकाळी १०:३०

घ्या करून, एक फुगलाय तर त्याच्या रांगेतले सगळे एकदम बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा वरचं (१० चालेल), १०५ अंशाचा, आणि 'लो ईएसआर' मागून घ्या. साधा घातलात तर काही महिन्यांत पुन्हा तीच रड. व्यास आणि उंची पट्टीने मोजून न्या. जाडा कपॅसिटर प्रोसेसरच्या पंख्याला अडतो.

त्यांना सांगा, काढण्याआधी फोटो घ्या. कपॅसिटरची रेघ असलेली बाजू नेहमी ऋणच, पण बोर्डावर छापलेल्या वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग काही कंपन्या ऋणासाठी वापरतात तर काही धनासाठी. त्या छपाईवर विसंबून उलटा बसवला तर फटाका ठरलेला. शिवाय बोर्डात तांब्याचे थर असतात, ते उष्णता ओढून घेतात. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने भोक मोकळं होत नाही आणि ओढाताणीत भोकातलं तांबं उखडतं. साठ वॉटची इस्त्री आहे का ते विचारून मगच बोर्ड हातात द्या.


खिळेवाला
शनिवार, सकाळी ११:१५

विचारलं. साठची आहे, आणि शिसं शोषून घ्यायचा पंपही आहे. फुगलेल्याच्या रांगेत असे चार आहेत, व्यास ८ मिलिमीटर. कपॅसिटर कोल्हापूरहून मागवतो. सोमवारी बोर्ड सुटा करून त्यांच्याकडे नेतो, डाँगल तेवढा काढून कपाटात.